डोकं नसलेल्या भुताचा अर्थ

नळदुर्गच्या तहसील कचेरीत मी मराठी अर्जांचा उर्दूत तर्जुमा करत असे. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू आणि लोकांची गाऱ्हाणी मराठीत. दिवसभर शब्दाला शब्द जुळवून संध्याकाळी डोकं बधिर होई.

तेव्हा गावात इंग्रजी शिकवणारे एक मास्तर आले. मूळचे माकणीकडचे, शिकले सोलापूरला, पण बोली गावाकडचीच ठेवलेली. सोलापुरात रद्दीतून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक उचललं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कविता, निव्वळ खुळचट. एका भुताला आंघोळीची भीती. एक म्हातारी ढगात कोंबड्या पाळते. मास्तर ओळ वाचून मराठीत सांगत आणि मी विचारी, "पण याचा अर्थ काय?"

"कायबी न्हाय, मुन्शी. म्हणून तर वाचायचं."

आधी पटलं नाही, मग व्यसनच लागलं. कचेरीतल्या शब्दानं कुणाचं शेत जाई, कुणाची अब्रू. या शब्दांना कुणाकडून काहीच नको होतं. बोरी नदीच्या काठी बसून आम्ही तसल्याच मराठी कविता रचू लागलो. मास्तर वहीत उतरवून घेत. त्यातली एक:

बोरीच्या डोहात भूत एक राही,
फेटा भरजरी, डोकंच नाही.
बेडूक हुजरे भोवती बसती,
"हुजूर, डोकं कुठं हो?" पुसती.

पहिल्या दोन ओळी मास्तरांच्या, पुढच्या दोन माझ्या. त्या दिवशी हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

पुढं रझाकारांचे दिवस आले. सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर, हिंदुस्थानात; मास्तरांचं तिकडं जाणंयेणं कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं. खोलीची झडती झाली, वही सापडली. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला बोलावून ती समोर टाकली. मास्तर भिंतीशी उकिडवे बसले होते. ओठ सुजलेला.

"ये बगैर सर का हुजूर कौन है?"

"कोई नहीं, साहब. नुसती गंमत आहे," मी कसंबसं म्हणालो.

अमीनसाहेब मास्तरांकडे वळले. "अकेले ने लिखा?"

"सगळं मीच लिवलंय," मास्तर म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मुन्शीजी, मतलब लिखो. नहीं तो समझूँगा, तुम भी इसी के साथ हो."

मी लिहिलं. डोह म्हणजे रियासत, भूत म्हणजे सरकार, बेडूक म्हणजे अंमलदार. सुवाच्य अक्षरात, खाली सहीसकट. अमीनसाहेबांनी खूश होऊन मान डोलावली, आणि तेवढ्या भीतीतही मला आत कुठंतरी बरं वाटलं. ते मला अजून विसरता येत नाही.

मास्तर तुरुंगात गेले. हिंदुस्थानची फौज आली तेव्हा सुटले. गावानं सभा भरवून त्यांना हार घातला. एका पुढाऱ्याच्या हाती मास्तरांच्या खटल्याची मिसल, कचेरीतली कागदांची फाईल, लागली होती. त्यानं कविता म्हणून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. माझाच, शब्दन् शब्द. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर मान खाली घालून बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नव्हती.

सभा उठल्यावर मी त्यांना गाठलं. "मास्तर, त्या ओळी माझ्या होत्या. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ते म्हणाले. "पाहिजे होतं."

"आता सांगतो सगळ्यांना."

"कुणाला सांगताय? तुमी लावलेला अर्थ त्यांनाबी लई आवडलाय."

एवढं बोलून ते चालू लागले. महिन्याभरात सोलापूरला निघून गेले. मी तीन पत्रं धाडली. उत्तरादाखल एक कार्ड आलं: तब्येत बरी आहे, शाळेत व्याकरण शिकवतो, कृपया पुन्हा लिहू नये.