वारा ओळखणारा वनपाल

फोन दत्ताभाऊंच्या मुलीचा होता. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली... त्याला आता महिना होऊन गेला.

दत्ताराम म्हात्रे वनखात्यात वनपाल होते, मी पनवेलला अग्निशमन दलात. मोरा बंदरावरच्या कोळ्याचा हा मुलगा डोंगरात रमला, याचं सगळ्यांना नवल वाटे. नोकरी लागली तेव्हा वडील आठवडाभर बोलले नव्हते, हे ते हसत सांगायचे.

आमची ओळख झाली ती वणव्यात. एका मार्चमध्ये डोंगरावरच्या ठाकूरवाडीच्या पश्चिमेला गवत पेटलं. वर रस्ता नव्हता, त्यामुळे बंब पायथ्याशी ठेवून आम्ही पायीच चढलो. वारा पूर्वेचा होता आणि आग वाडीपासून लांब चालली होती. धोका टळला असं समजून मी माणसांना परत फिरायला सांगत होतो, तेवढ्यात दत्ताभाऊंनी मला थांबवलं.

"साहेब, दुपारी वारा फिरनार हाय. दर्यावरनं येल तो आग घेऊनच येल. त्याच्या आत वाडीच्या अंगाचं गवत आपनच जाळायचं."

मला काही ते पटेना. चुकलं तर जबाबदारी कोणाची, असं मी विचारलं. त्यांनी खिशातली वही काढली, 'जबाबदारी माझी' असं लिहिलं, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. पेटता पलिता घेऊन ते निघाले तर एक म्हातारी आडवी आली. तिच्याशी वाद न घालता त्यांनी, सुरुवात कुठून करू, असं तिलाच विचारलं. तिने वाडीच्या कडेची पायवाट दाखवली.

ओले डहाळे घेऊन वाडी त्या पायवाटेवर उभी राहिली. आम्ही लावलेली आग वाऱ्याबरोबर पुढे सरकली, मागे काळा पट्टा उरला. एक वाजून गेल्यावर वारा खरंच फिरला. वणवा धावत परत आला आणि त्या पट्ट्यापाशी जाळायला काही न मिळून विझला. एकही घर गेलं नाही. मी कागद परत करू लागलो, तर म्हणाले, "ठेवा, पुढच्या येळी लागंल."

वणव्यामागे धावण्यापेक्षा तो अडेल अशी सोय आधीच करायची, हा त्यांचा हट्ट. म्हणून होळीआधी सगळ्या वाडीला घेऊन ते जाळरेषा काढायचे, म्हणजे डोंगरावर गवताचा रुंद पट्टा साफ करायचे. आम्हा बंबवाल्यांनाही सोडत नसत.

गेल्या रविवारी मी वर गेलो. यंदा कोणी बोलावलं नव्हतं, तरी वाडी रांगेने गवत कापत होती. मला बघून एकाने विळा पुढे केला. "साहेब, इथपासून त्या खडकापर्यंत तुमचं."

मी वाकलो आणि कापायला लागलो.