तिसरी खुर्जी

आमच्या जिंतूरच्या कचेरीत नकला उतरवणारा एक कारकून होता. जुम्म्याच्या सुट्टीला तो काळ्या आणि तांबड्या ही आपली दोन कुत्री घेऊन डोंगरातल्या तळ्यावर पायी जाई, आणि मीही त्याच्याबरोबर असे. घोड्याच्या पाठीवर असते तशी, दोन्हीकडे पिशवी लोंबणारी लहान खुर्जी त्याने दोघांना शिवली होती. ज्याची भाकर त्याच्याच खुर्जीत. "आपलं वझं आपुन न्यावं, आण्णा," हे वाटेत चारदा तरी सांगे. तळे जवळ आले की दोन्ही खुर्ज्या उतरवी, कारण कुत्री थेट पाण्यात उडी घेत.

चढ माझ्या मोजणीने दोन हजार तीनशे पावलांचा. एकदा मी काटा काढायच्या निमित्ताने मागे राहिलो. काळ्या माझ्याजवळ थांबला, तेव्हा माझ्या तिन्ही भाकरी मी त्याच्या खुर्जीत सरकवल्या.

थोड्या वेळाने कारकून म्हणाला, "काळ्या आज लय हळू चालायलाय."

मी आभाळाकडे पाहिले.

तळ्याअलीकडे त्याने तांबड्याची खुर्जी उतरवली, काळ्याची तशीच ठेवली. काळ्या माझ्या जेवणासकट पाण्यात गेला.

"ही का नाही उतरवली?" मी विचारले.

"तिच्यात तुमची चीज. तुमाला न इचारता हात कसा लावू?"

मग त्याने तांबड्याची भाकर मोडून अर्धी मला दिली. मी ती खाल्ली. शेवटच्या घासापर्यंत तांबड्या माझ्याकडे बघत होता.

पुढच्या जुम्म्याला कारकुनाने तिसरी खुर्जी शिवून आणली. मी तिचे बंद वितीने मोजले. कोणत्याही कुत्र्याला ते फार लांब होते.