आकडे उसवणारी वहिनी

माझी वहिनी शिवणकाम करते. मधल्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांची बिलं करायला घेतलेला जुना कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर तिने जे केलं ते मी भेटेल त्याला सांगत सुटते. ऐकणारे कंटाळतात, पण माझा नाइलाज आहे.

आमचे बाबा, म्हणजे तिचे सासरे, जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच धंदा, त्यामुळे घरातही त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही. मग त्यांची नजर गेली. वाचन सुटलं तसे ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवायलासुद्धा दहादा हाका माराव्या लागत. वहिनीला ते बघवेना. तिने त्यांच्या आवडीचं गिर्यारोहणाचं पुस्तक वाचनालयातून स्कॅन करून आणलं, मजकूर कॉम्प्युटरवर घेतला आणि वाचून दाखवणारा आवाज लावून दिला.

पण पुस्तकात जागोजाग तळटिपांचे आकडे होते, आणि तो आवाज तेही इमानेइतबारे वाचायचा. "आम्ही तंबू सत्तावीस उभारला," असं ऐकल्यावर बाबांनी हेडफोन काढून ठेवला.

"बंद कर, सूनबाई. यापेक्षा भिंत बरी."

ते तिला फार लागलं. पुस्तक जाडजूड, एकेक आकडा हाताने खोडायचा तर शिवायचं कधी? मग इंटरनेटवर शोधत, अडखळत, ती स्क्रिप्ट लिहायला शिकली. कॉम्प्युटरला द्यायच्या चार ओळींच्या सूचना, बस. कळ दाबली आणि सगळे आकडे साफ. स्वारी भलतीच खूश.

मोठ्या मिनतवारीने बाबा पुन्हा ऐकायला बसले. बरंच ऐकलंही. मग एकदम ताठ झाले. बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकाकडे म्हणे "तास पुरेल एवढा प्राणवायू" उरला होता.

"किती तास?" बाबांनी विचारलं. "अगं, माणूस जगणार की मरणार ते त्यावर आहे."

टिपांच्या आकड्यांबरोबर खरे आकडेही गेले होते. वहिनीचा चेहरा उतरला. मला मात्र तिची पाठ थोपटावीशी वाटली, कारण बाबांनी इतक्या तळमळीने काही विचारल्याला कितीतरी महिने झाले होते.

"खुणा न करताच कात्री चालवली मी," वहिनी म्हणाली. कापडावर खडू फिरवल्याशिवाय ती कधी कापत नाही; इथेच नेमकी घाई केली होती. मूळ मजकूर जपून ठेवला होता हे नशीब. या वेळी तिने आकडे पुसले नाहीत, स्क्रिप्टकडून त्यांच्याभोवती नुसत्या चांदणीच्या खुणा टाकून घेतल्या आणि बघत बसली. टिपांचे आकडे शब्दाला घट्ट चिकटलेले होते, खरे आकडे जागा सोडून उभे होते. मग काय! अक्षराला चिकटलेला आकडा काढ, सुट्याला हात लावू नकोस, एवढंच तिने लिहिलं. पानांचे आकडे ओळीत एकटेच असायचे, त्यांचीही सोय लावली. तरी सगळा मजकूर एकदा डोळ्यांखालून घातला आणि मगच बाबांना हाक मारली.

बाबांनी ते पुस्तक संपवलं आणि दुसरं मागितलं. मग छापखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याचीही नजर अधू झालेली. हे कुठे विकत मिळतं, असं त्याने विचारलं असावं.

"विकत कसलं? सुनेनं लिहिलंय," बाबा म्हणाले. मग आवाज चढवून, "मी स्वतः तपासलंय. एकही चूक नाही."

मी आणि माझा भाऊ, बाबांची सख्खी मुलं. शाळेतल्या निबंधांपासून नोकरीच्या अर्जांपर्यंत सगळं त्यांच्यापुढे धरलं, पण हे वाक्य काही आमच्या वाट्याला आलं नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, तिच्या अभिमानाने ऊर भरून आला.

वहिनी दारातून ऐकत होती. ती मशीनवर जाऊन बसली. सुईत दोरा काही जाईना. शेवटी मीच ओवून दिला.