बसवू नका, आडवं न्या

सुरुवातीलाच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. एकोणीस वर्षं नाशिकमध्ये क्राइम रिपोर्टिंग केलं. ‘भुताने ढकललं’ असं कुणी सांगितलं की मी आधी कठडा किती उंच आहे ते विचारायचो. या सदरातले अनुभवही मी त्यातल्या चुका काढायलाच वाचत आलो. आता स्वतःचाच लिहितोय... तेव्हा पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहितो.

सातपूर औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं वर्कशॉप. मे महिना, मंगळवार, सकाळचे अकरा. माझा मेहुणा संदीप, वय एकोणतीस, शेडचे पत्रे बसवण्याची कामं घेतो. तो छतावर होता, त्याचा जोडीदार रावसाहेब खाली. संदीपचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला मी गेलो होतो.

“दाजी, डबा द्यायला आले का बातमी न्यायला?” संदीप वरूनच म्हणाला.

“सेफ्टी बेल्ट कुठंय तुझा?”

“बेल्ट लावला की काम होत नाय.”

“त्याला लग्नात बांधून ठेवला तेवढा बास झाला म्हणतो,” रावसाहेब म्हणाला.

अशा छतात उजेडासाठी मध्येमध्ये फायबरचा पारदर्शक पत्रा असतो. जुना झाला की धुळीने तो बाकीच्यांसारखाच दिसतो. संदीपचा पाय नेमका त्यावर पडला. कड्कन आवाज झाला आणि तो सरळ, उभाच्या उभा खाली आला. कोब्यावर दोन्ही पायांनी आदळला आणि कुशीवर कोसळला. उंची मी नंतर टेपने मोजली – बावीस फूट.

रक्त नव्हतं. पाय वाकडे नव्हते. रावसाहेब धावत आला. “उठवून बसवा त्याला, पाणी पाजा. मी रिक्षा आणतो.” आपण सगळे हेच करतो. मीही संदीपच्या काखेत हात घातले आणि उचलायला जोर लावला...

तेवढ्यात संदीप बोलला. डोळे मिटलेले. आवाज शांत, बातमीचा मजकूर सांगावा तसा.

“बसवू नका. आडवं न्या. दोन्ही टाचा फुटल्या आहेत. कमरेचा पहिला मणका फुटलाय, आतला तुकडा मागे, डावीकडे सरकलाय. बसवलं तर पाय जातील.”

माझे हात तिथेच थांबले. रावसाहेबही थांबला. संदीपच्या तोंडी कायम लय आणि नाय. ‘फुटल्या आहेत’ असं तो आयुष्यात बोललेला नाही.

आम्ही परांचीची फळी आणली, त्याला तसाच त्यावर सरकवला आणि टेम्पोत आडवा ठेवला. रावसाहेबाने डोकं धरलं. मी जुन्या सवयीने वही काढली, ती वाक्यं शब्दशः लिहिली, बाजूला वेळ टाकली – अकरा चौदा.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आधी टाचा दाबून पाहिल्या. मग म्हणाल्या, “उंचावरून पायांवर पडलं की टाचा फुटतात, आणि तोच जोर वर चढून कमरेपाशी मणका दबतो. टाचांच्या दुखण्यात पाठ कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून स्कॅन करायचाच.”

स्कॅन एक वाजता हातात आला. दोन्ही टाचा. कमरेचा पहिला मणका. तुकडा मागे, डावीकडे, मज्जारज्जूला जवळजवळ टेकलेला.

“आडवं आणायला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

मी वही पुढे केली. त्यांनी दोनदा वाचलं, वेळ पाहिली.

“टाचा आणि मणका मीही अंदाजाने सांगेन,” त्या म्हणाल्या. “पण तुकडा कुठे सरकलाय, हे स्कॅनशिवाय मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही.”

बातमी पक्की झाली होती, पण ती कोणत्या पानावर जाणार होती? बाहेर रावसाहेब बाकावर बसला होता. मी त्याला म्हणालो, “संदीप बोलला म्हणून वाचला.”

“संदीप कुठं बोलला? तो तर बेशुद्ध होता, दाजी. बोलले तुम्ही.”

मी त्याला पूर्ण वाक्यं म्हणायला लावली. माझ्या वहीत होती तीच त्याने म्हटली, एक शब्द इकडे-तिकडे नाही.

मी शक्यता तपासल्या. इतक्या वर्षांत शवविच्छेदनाचे अहवाल मी पुष्कळ वाचले. टाचांचं आणि मणक्याचं मनात कुठेतरी राहिलं असेल, घाबरून मीच बोललो असेन, आणि संदीपचा आवाज मला भासला असेल. मान्य. पण डावीकडे? संदीपला विचारलं. त्याला पत्रा मोडल्याचा आवाज आठवतो, पुढचं थेट दवाखान्याचं छत.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तो वॉकर सोडून पलंगापासून खिडकीपर्यंत गेला. टाचा टेकवताना तोंड वाकडं करत होता, पण दोन्ही पाय त्याचेच त्याला उचलत होते. माझी बायको, त्याची ताई, दारात उभी राहून रडत होती. मी पुन्हा तोच प्रश्न काढला – कोण बोललं असेल?

“कुणी का बोलेना,” संदीप म्हणाला. “तुम्ही ऐकलं, ते बघा. ताई रोज घसा फोडून सांगती, तिचं एक ऐकता का कधी?”

बायको रडता रडता हसली. मी वही काढली आणि त्या वाक्यांखाली त्याचा प्रश्नही लिहून ठेवला.