गोठ्याचा उंबरठा

आमच्या गावात उतारावर माणसं राहतात आणि खालच्या सपाटीवर भात. गावठाणाची हद्द उतार संपतो तिथेच संपते. तिच्या आत घर बांधता येतं. बाहेर शेती करायची, फार तर गुरांसाठी गोठा बांधायचा. ही हद्द कोणी आखली ते आज कोणालाच सांगता येत नाही. पण ती थोडी खाली सरकवा म्हटलं की पोलादपूरच्या तहसीलपासून अलिबागच्या कलेक्टर कचेरीपर्यंत सगळ्यांना एकदम नियम आठवतात.

आमच्या घरामागे डोंगराला भेग पडली तेव्हा साहेब लोक आले होते. भेगेत काठी घालून पाहिली आणि पावसाळ्यात इथे राहू नका म्हणाले. मग राहू कुठे, असं मी विचारलं. पुनर्वसनाचा प्रस्ताव पाठवलाय, असं उत्तर मिळालं. तो प्रस्ताव अजून प्रवासातच आहे.

खाली आमचं स्वतःचं शेत होतं, पण तिथे घराला परवानगी नाही. शेवटी आम्ही शेतात गोठा बांधला आणि त्यातच राहायला गेलो. नवरा महाडला कंपनीत. तो शिफ्टला गेला की मी आणि सासूबाई. एका बाजूला गव्हाण आणि म्हैस, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी आणि आमची अंथरुणं. मला लाज वाटली नाही. भेगेखाली झोपण्यापेक्षा म्हशीशेजारी झोपलेलं काय वाईट?

पण सासूबाई देव खाली आणेनात.

"उंबरठा नाय तिथं देव कसे आणू गो? गोठ्यात काय देव ठेवतात?"

गोठ्याच्या दाराला उंबरठा करत नाहीत, गुरांच्या पायाला अडतो. त्यामुळे देव वरच्या घरात राहिले आणि सासूबाई रोज सकाळी दिवा लावायला वर चढायला लागल्या. भर आषाढातसुद्धा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन. त्या परत दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. भाकरी थापायची मी, पण नजर सगळी डोंगराकडे. किती भांडले त्यांच्याशी! खरं सांगते, त्या दिवसांत मला देवांचा राग यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या मागेच लागले आणि वरच्या घराचा उंबरठा काढून आणवला. सागाचा, मधोमध झिजलेला. तो गोठ्याच्या दाराला बसवला, म्हशीसाठी मागून वेगळं दार पाडलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, देव ताटात घेतले आणि उंबरठा ओलांडून आत आल्या. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

लावणीच्या सुमाराला कोणीतरी तक्रार केली. तलाठी येणार अशी कुणकुण लागली तशी मी शेगडी आणि अंथरुणं पेंढ्याखाली लपवली, देवांवर टोपली पालथी घातली, म्हैस पुढे आणून बांधली. तलाठी दारात थांबले. म्हशीकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांची नजर खाली गेली. उंबरठ्यावर सकाळचं हळदकुंकू होतं.

"वहिनी, गोठ्याला उंबरठा?"

एरवी माझ्या तोंडाला सगळं गाव वचकून असतं. तेव्हा मात्र मी म्हशीचं दावं सारखं करत राहिले. सासूबाईच पुढे झाल्या.

"घर हाय ते, भाऊसाहेब. देव हायत आत. देवांम्होरं खोटं कसं बोलू?"

"आजी, दिसलं ते मला लिहावं लागतं."

"आणि वरची भेग दिसते ती?" मी कशीबशी म्हणाले.

"ते माझ्याकडे येत नाही," असं म्हणून ते निघाले. माणूस वाईट नव्हता.

नोटीस आली. विनापरवाना घर, पाडून टाका. उंबरठा काढा, राहणं बंद करा, म्हणजे निदान गोठा तरी वाचेल, असं जाणत्यांनी सांगितलं. नवऱ्याने उंबरठा उपटला आणि पुन्हा वरच्या घराला बसवला. सासूबाईंनी देव ताटात घेतले, पदराखाली झाकले आणि चढणीला लागल्या. मी आडवी गेले, रडले, पाय धरले.

"देवांना तिथं एकटं कसं ठेवू? तू र्‍हा गो खाली," त्या म्हणाल्या. या वेळी त्या परत आल्या नाहीत, वरच राहिल्या.

मग पाऊस लागून राहिला. डोंगर ढगात गेला. खालून वरचं घर दिसेना, त्यांच्या चुलीचा धूरही दिसेना. मी गोठ्यात येरझाऱ्या घालत होते. म्हैस रवंथ करत कोरड्यात बसली होती, आणि तिचा मला इतका हेवा वाटला की मी तिच्यावरच ओरडले. मग तिला पेंढा घातला, दार नीट लावून घेतलं, अंथरूण प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि वर चालू लागले.

आता कोणाची काही तक्रार नाही. म्हैस खाली सपाटीवर आहे आणि आम्ही भेगेखाली, आमच्या गावठाणात.