कंबरेला पाणी

तमाम नाशिककरांना आणि बाहेरगावाहून आलेल्या पाहुणेमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जमिनीपासून माझ्या कंबरेपर्यंतची उंची तीन फूट दोन इंच आहे. हा कंबरेचा घेर नव्हे. घेराच्या चर्चेला आमच्या घरात बंदी आहे. कृपया कोणी हसू नये, कारण या तीन फूट दोन इंचांनी एका पावसाळ्यात माझी झोप पार उडवली होती.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. गोदावरीच्या काठावर एका पट्ट्यात बंद पडलेली तेलाची गिरणी, लाकडाची वखार आणि बर्फाचा कारखाना असे ओळीने उभे होते. तिथे बाग करायचं ठरलं आणि काम आमच्या साहेबांना मिळालं. साहेब वास्तुविशारद, मुंबईहून येऊन इथे ऑफिस थाटलेले. मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. नोकरी कच्ची. गिरणी पाडायची, वखारीच्या जागी हिरवळ आणि बाकं, आणि बर्फाचा कारखाना तसाच ठेवून त्याचं कलादालन करायचं, असा साहेबांचा बेत. कारखान्याच्या भिंती हातभर जाड. आत शिरलं की मे महिन्यातही अंगावर काटा यायचा.

पुराचं पाणी किती येतं हे विचारायला साहेबांनी सर्वेअरला कारखान्याच्या म्हाताऱ्या वॉचमनकडे पाठवलं. सर्वेअर सोलापूरकडचा. त्याने वहीत लिहून आणलं, ‘पाणी – कंबरेला.’ वही माझ्या टेबलावर आली. मी भिंतीला टेकून ताठ उभा राहिलो आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंना म्हणालो, "ताई, कंबरेशी जरा पेन्सिलीने खूण करा."

"श्वास सोडा आधी," ताई म्हणाल्या. "आत ओढून उंची वाढत नाही."

पट्टी धरली: तीन फूट दोन इंच. वर दहा इंच खबरदारीचे. आत चार फूट उंच चौथरा बांधायचा, त्यावर नवी फरशी, आणि विजेचं पॅनल फरशीपासून वीतभर वर, असं मी नकाशावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. साहेबांनी सही केली. वर्षभरात चौथरा बांधून झाला, फरशी बसली, पॅनल बसलं. मी जाणाऱ्या-येणाऱ्याला तो चौथरा दाखवत होतो.

मग जुलैत एका संध्याकाळी पुलावर दोन म्हातारे बोलताना ऐकले.

"आज गुडघ्याला आहे."

"हॅ! हे काय पाणी? कंबरेला लागलं की मग कुठे बर्फाच्या कारखान्यात शिरायला लागतं."

"आणि गळ्याला?"

"गळ्याला लागलं की कारखान्याच्या खिडक्यांतून वाहतं!"

माझ्या हातातला शेंगदाण्यांचा पुडा पुलावर पडला. दुतोंड्या मारुती! नदीच्या पात्रात उभी असलेली ही भली उंच मूर्ती म्हणजे आमच्या गावाची पूर मोजायची पट्टी. पाणी गुडघ्याला, कंबरेला, छातीला, गळ्याला, ते सगळं त्याच्या. हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो, आणि हातात पट्टी आल्याबरोबर मारुतीला विसरून स्वतःला मोजून मोकळा झालो.

कारखान्याच्या खिडक्या मीच मोजून नकाशात काढल्या होत्या. जुन्या जमिनीपासून सहा फुटांवर. म्हणजे पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं की चौथऱ्यावर दोन फूट पाणी आणि त्यात चालू वीज. आत माणसं असली तर?

साहेबांना सांगायला हवं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा पाहुण्यांना सांगत होते, "पुराचा सगळा विचार केलाय. हा आमचा पोरगा फार बारकाईने काम करतो." आणि पाठीवर थाप. तिसऱ्यांदा मी मन घट्ट करून केबिनमध्ये शिरलो आणि अर्ध्या दिवसाची रजा मागून बाहेर आलो.

त्यानंतर रोज ऑफिस सुटलं की मारुतीसमोर उभा. आई आनंदली. शेजारणींना सांगत सुटली, "बघा, देवाधर्माला लागला एकदाचा!" मी हात जोडून उभा असायचो खरा, पण नजर पाण्याच्या रेषेवर. भक्ती कसली, मोजणी चालायची.

ऑगस्टमध्ये कलादालनात पहिलं प्रदर्शन ठरलं, पैठण्यांचं. येवल्याहून एक विणकर आले, एक छोटा माग आणून बसवला, प्रेक्षकांसमोर विणायला. त्याच दिवशी सकाळी त्र्यंबककडे धो धो पाऊस, वरून धरणाचं पाणी सोडलेलं. अकराला मी पुलावर होतो. पाणी छातीच्या वर चढलं होतं.

मी धावलो. चिखलात एक चप्पल गेली, ती आजतागायत परत आलेली नाही. दालनात बायकांची गर्दी, दिव्यांचा लखलखाट, आणि साहेब माईकवरून सांगत होते, "पाण्याची काळजी नको. आपण चार फूट वर आहोत!"

मी थेट कोपऱ्यात गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

दिवे गेले, माईक गेला. "मेन कुणी पाडलं?" साहेब नुसत्या आवाजात गरजले.

"मी. साहेब, सगळ्यांना बाहेर काढा. चौथरा चुकलाय. पाणी खिडक्यांतून येणार." आवाज माझाच होता, पण मला ओळखू येत नव्हता.

साहेबांनी दारातून खाली पाहिलं. आठ पायऱ्यांपैकी चार दिसत नव्हत्या. त्यांनी लगेच सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. बायकांनी पैठण्या गोळा करून छातीशी धरल्या. विणकर मागाला मिठी मारून बसले, "हा घेतल्याशिवाय मी हलणार नाही!" मग आम्ही आठ जणांनी तो माग, अर्धा मोर विणलेल्या पदरासकट, खांद्यावर घेतला. सगळ्यात पुढे साहेब.

दुपारी आम्ही वरच्या रस्त्यावर उभे होतो. पाणी खिडक्यांतून वाहत होतं. पॅनल केव्हाच बुडालं होतं. आत कोणी नव्हतं. मी साहेबांना पट्टीपासून पेन्सिलीच्या खुणेपर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या ऑफिसला ये. पट्टी मात्र माझ्याकडे जमा कर."

गर्दीत तो म्हातारा वॉचमनही पूर बघायला आला होता. साहेबांनी त्याला गाठलं. "बाबा, तुम्ही कंबरेला पाणी म्हणालात. याने स्वतःची कंबर मोजली हो!"

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला, "अवो सायेब, मारुती सोडून ह्याची कंबर धरली? ही तर याला सवताला सापडत नाय!"