न तुटणारी तार

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. विहिरीवरची जळालेली मोटर माझ्या साताऱ्यातल्या दुकानात येते, मी तिच्यातली जळकी तांब्याची तार उपसून काढतो आणि नवी भरतो. उंब्रजपासून खंडाळ्यापर्यंतची गिऱ्हाइकं येतात, कारण माझ्या हातची मोटर लवकर परत येत नाही. आली तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. त्यामुळं तारेच्या बाबतीत कुणी मला शहाणपण शिकवलेलं खपत नाही. हा माज आहे, मला माहीत आहे. बायको तर तोंडावर सांगते.

मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा टेनिस चांगलंच खेळायला लागली होती. पण महिना झाला की रॅकेटची तार तुटायची. साताऱ्यात गटिंग करणारा, म्हणजे रॅकेटला तार भरणारा, मनासारखा मिळेना. कुणीतरी सांगलीचे एक अण्णा सुचवले. रविवारी आम्ही बापलेक एसटीनं सांगलीला गेलो.

अण्णा साठीचे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला रॅकेटी टांगलेल्या. कामाचा माणूस मला हात बघून कळतो. ह्यांचे हात कामाचे होते. मुलीला त्यांच्या बायकोनं आत नेऊन भडंग दिला, आणि इकडं अण्णांनी दोन तारा माझ्यापुढं ठेवल्या. एक मऊ, बारीक धाग्यांची. चेंडू हातात कळतो, कोपराला दणका बसत नाही, पण लवकर तुटते. दुसरी कडक, पॉलिएस्टरची.

"ही लय टिकती," अण्णा म्हणाले, "पण पोरीच्या हाताला नगं. आणि ही तुटत न्हाई, नुसती मरती. दोन म्हैन्यांत तिच्यातला जीव जातो. मग चांगली दिसली तरी कापून टाकायची."

"न तुटलेली तार कापायची?" मी हसलोच. "आवं अण्णा, मी असला धंदा केला तर गिऱ्हाइकं चपलेनं मारतील मला."

"मोटरचं येगळं, हाताचं येगळं. मी सांगू का? उभ्या तारा कडक घालू, आडव्या मऊ घालू. ताण जरा कमी ठेवू. टिकंल बी आणि खेळायला बी बरं पडंल."

अर्धं हे, अर्धं ते! मला ते कच्चं काम वाटलं. खरं सांगायचं तर बाहेरच्या माणसानं माझ्यापुढं तारेवर प्रवचन द्यावं, हेच मला झोंबलं होतं. मी म्हणालो, सगळी कडकच घाला, आणि चांगली ताणून घाला. अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "पोरगी तुमची हाय," एवढंच म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

भडंग खाऊन मुलगी बाहेर आली. "काय म्हणाले, पप्पा? कुठली चांगली?"

"हीच," मी म्हणालो. "अण्णांनीच सांगितली."

मशीनच्या आवाजात अण्णांना ते ऐकू गेलं नाही. का खोटं बोललो? काही गरज नव्हती. तरी बोललो.

तार तुटली नाही. दोन महिने गेले, चार गेले, सहा गेले. कोर्टावर बाकीचे पालक तार तुटल्याची रड घेऊन बसायचे, तेव्हा मी मुलीची रॅकेट उचलून त्यांना दाखवायचो. "सहा म्हैने! हात लावून बघा." लोक हात लावून बघायचे. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

मुलगी मात्र हरायला लागली. तिचे चेंडू लांब जायचे. म्हणाली, "पप्पा, फळीनं मारल्यासारखं लागतंय." मी म्हणालो, सराव कमी पडतोय. म्हणाली, "कोपर दुखतंय." मी म्हणालो, मोबाईल कमी बघ. तिची आई म्हणाली, अवो, ती हल्ली डाव्या हातानं वेणी घालायला बघतीय. मी बायकोवरच ओरडलो. आणि ह्या सगळ्या काळात अण्णांचं ते "दोन म्हैने" माझ्या कानात होतं. विसरलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. विसरलो नव्हतो. पण कापली असती तर अण्णा खरे ठरले असते ना!

मग सांगलीलाच एक स्पर्धा झाली. पहिल्याच मॅचला मुलीनं सर्व्हिस खालून, लहान पोरांसारखी टाकली. लोक हसले. मी जाळीला तोंड लावून सगळ्यांदेखत ओरडलो, "लाज वाटत न्हाई का? सरळ हात वर कर की! कसली नाटकं लावलीस?" तिनं माझ्याकडं बघितलं नाही. हात वर केला. त्यानंतर शेवटपर्यंत सगळ्या सर्व्हिस तिनं वरूनच केल्या, आणि हरली. खाली बसली, पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला फिरवता येईना. जिंकलेल्या मुलीनं येऊन ते उघडून दिलं. मी जाळीच्या अलीकडं उभा होतो, आणि त्या परक्या पोरीला जे दिसलं ते मला सहा महिने दिसलं नव्हतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिथूनच डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरीणबाईंनी कोपर दाबलं तशी मुलगी कळवळली. वाढीचं वय आहे, तीन महिने रॅकेटला हात लावायचा नाही, पुढं खेळता येईल की नाही ते तेव्हा बघू, असं बाई म्हणाल्या. मग रॅकेट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "एवढी कडक तार लहान मुलीला? तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली. "पप्पांना कसं माहीत असणार, डॉक्टर? त्या गटिंगवाल्या अण्णांनीच सांगितली ही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

तीन महिने मुलगी घरी बसून होती. रोज संध्याकाळी कोर्टाच्या वेळेला गॅलरीत जाऊन उभी राहायची. त्या अण्णांना तिनं काय काय नावं ठेवली! मी ऐकून घेतलं. हात बरा झाल्यावर मी एकटाच सांगलीला गेलो. अण्णांनी जुनी तार कापली, न बोलता उभ्या कडक, आडव्या मऊ घातल्या, ताण उतरवला. कुणी काही सांगितलं नाही त्यांना, पण त्यांना कळलं असावं. निघताना म्हणाले, "पोरीला का न्हाई आणलं? लय गोड पोर हाय." मी म्हणालो, शाळा आहे. रविवार होता.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टावर उतरली. दहा-बारा चेंडू मारले आणि पळत जाळीपाशी आली. चेहरा फुलला होता. "पप्पा, काही दुखत नाही! किती मऊ लागतंय. तुम्हीच निवडायला पाहिजे होती पहिल्यांदा, त्या अण्णांचं ऐकलं हेच चुकलं आपलं."

आता मात्र मला सहन होईना. मी म्हणालो, "अण्णांनी हीच सांगितली होती, बाळा. पहिल्याच दिवशी. दोन महिन्यांत कापा म्हणूनही सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

ती चेंडू हातात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "म्हणजे मॅचमध्ये ओरडलात, तेव्हा पण माहीत होतं?"

"व्हय."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मी रोज रात्री हात दाबून बघायचे, पप्पा. खरंच दुखतंय का मीच खोटं बोलतेय ते."